पुलाचा राखणदार, मराठीतला

मी प्रॉक्सी बोलतोय. म्हणजे खेळातलं बदली कार्ड. खरं कार्ड परदेशात छापतात, चकचकीत आणि महाग. मी अंबरनाथ पूर्वेच्या एका झेरॉक्सच्या दुकानात छापला गेलो, कुणाचा भाडेकरार आणि कुणाची मार्कशीट यांच्या मधे. दुकानदाराने कटर फिरवला, ऋतिकाने मला प्लास्टिकच्या कव्हरात एका साध्या कार्डाच्या पुढे सरकवलं आणि मी ‘पुलाचा राखणदार’ झालो. माझी डावी कड जरा तिरकी आहे. रिक्षावाला बाहेर हॉर्न मारत होता, त्यामुळे कुणी नीट बघितलं नाही.

ऋतिकाने मला स्वतःसाठी केलं नव्हतं. तिचे वडील शरदचंद्र कारखान्यातून निवृत्त झाले होते. पस्तीस वर्षं त्यांनी तपासणी खात्यात सुटे भाग मोजले. घरी बसून त्यांचा जीव कंटाळला, म्हणून ती त्यांना चिखलोलीला, आपली मैत्रीण पायल हिच्या सोसायटीत घेऊन जाऊ लागली. तिथे क्लबहाउसमध्ये दर रविवारी सात-आठ जण कार्डांचा खेळ खेळत. कार्डांवर सैनिक, किल्ले, मंत्र असं काय काय असायचं. शरदचंद्रांना खेळ आवडला, पण कार्डांवरची बारीक इंग्रजी अक्षरं काही केल्या दिसेनात. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं व्हायचं होतं.

“पप्पा, मी तुम्हाला मोठ्या अक्षरांत मराठीत करून देते,” ऋतिका म्हणाली.

ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत, मोबाइलवर एकेक कार्ड बघत, तिने आम्हा चाळीस जणांचा मजकूर टाइप केला. माझ्यावर लिहिलं: ‘प्रत्येक पाळीत एकदा, पडलेला एक सैनिक परत उभा कर.’

पायलचा नियम सोपा होता. प्रॉक्सी चालेल, पण बसण्याआधी सांगायचं. शरदचंद्र दर वेळी सांगत. “माझी सगळी झेरॉक्सची आहेत हं,” असं म्हणत आणि हसत. माणसं आमच्याकडे वाकून बघत, मराठी वाचून त्यांना मजा वाटे. पण मला कुणी खऱ्या कार्डाशी ताडून बघितलं नाही. खरा राखणदार त्या टेबलावर कुणाकडेच नव्हता.

सलग तीन रविवार शरदचंद्र जिंकले. तिसऱ्या रविवारी समोर सोहम होता, बदलापूरचा, नोकरीला लागून दोनच वर्षं झालेला. त्याचा सगळा डेक, म्हणजे खेळायचा कार्डांचा संच, खरा होता. त्याने सैनिक पाडायचा आणि मी तो परत उभा करायचा, असं सहा वेळा झालं. शेवटी सोहमने हातातली कार्डं टेबलावर टाकली.

“काका, सॉरी, पण हे काय खेळणं झालं? मी पैसे साठवून साठवून एकेक कार्ड जमवलंय, आणि तुम्ही कागद छापून आणता.”

“सोहम, नियम ठरलेला आहे ना?” पायल म्हणाली.

“नियम माहितीये, यार. पण खऱ्या कार्डाने हरलो असतो तर काही वाटलं नसतं.”

ऋतिका काहीतरी बोलणार होती. शरदचंद्रांनी तिचा हात दाबला, आम्हाला गोळा केलं, रबर लावलं आणि ते उठले. पुढचे दोन रविवार ते गेलेच नाहीत. ऋतिकाला म्हणाले, गुडघा दुखतोय. त्या दिवसांत आम्ही टीव्हीशेजारी पडून होतो. गुडघा दुखणारा माणूस संध्याकाळी चार मजले उतरून दूध आणायला जायचा, एवढं मी बघितलं.

तिसऱ्या आठवड्यात सोहम घरी आला. पायलने त्याला बरंच सुनावलं असणार, कारण तो दारातच चप्पल हातात धरून उभा राहिला. खिशातून त्याने खरा राखणदार काढला. उल्हासनगरच्या एका ओळखीच्या दुकानातून मागवून घेतला होता.

“काका, हे तुमच्याकडे राहू दे. खेळायला या.”

खऱ्या राखणदाराला मी पहिल्यांदाच बघत होतो. त्याच्या चारही कडा सरळ होत्या.

शरदचंद्रांनी तो ट्यूबलाइटखाली धरला, दूर नेला, जवळ आणला. “सुरेख आहे. पण मला वाचता नाही येत. काय लिहिलंय, वाच बघू.”

सोहमने वाचलं, मग मराठीत सांगायला लागला आणि मधेच थांबला. “काका, इथे ‘संपूर्ण खेळात एकदाच’ असं आहे.”

ऋतिकाने मोबाइल काढला. तिने यादीतल्या खालच्या कार्डाची ओळ माझ्यावर टाइप केली होती. तिचा चेहरा उतरला. “पप्पा, माझी चूक झाली.”

“जाऊ दे ना,” सोहम घाईने म्हणाला. “कोणाला कळणारे?”

“आपल्याला तिघांना कळलंय,” शरदचंद्र म्हणाले.

रविवारी ते क्लबहाउसमध्ये बसले नाहीत, उभेच राहिले. सगळ्यांना सांगितलं की तिन्ही विजय चुकीच्या कार्डाने झाले, ते मोजू नका. एवढ्या माणसांसमोर चूक सांगणं त्यांना किती जड गेलं, ते मला कळलं. मी त्यांच्या मुठीत होतो आणि मूठ ओली होती. सोहमने खुर्ची ओढून दिली. मग तो आणि ऋतिका एकेक कार्ड मोठ्याने वाचत बसले. ती टाइप करायची, तो ताडून बघायचा. आणखी दोन चुका सापडल्या. त्या दिवशी खेळ झालाच नाही.

आज नवा राखणदार छापून आलाय. अक्षरं तेवढीच मोठी, मजकूर बरोबर. माझं कव्हर त्याला मिळालं. सोहम आत्ताच म्हणाला, “काका, हा जुना मला द्या ना. आठवण म्हणून.”

शरदचंद्रांनी मान हलवली. “नाही रे. रिजेक्ट माल गेटबाहेर जात नाही.”

माझी तक्रार नाही. मी कागद होतो याची लाज मला कधी वाटली नाही, चुकीचा होतो याची वाटते. माझ्यासारखं कार्ड तुमच्यासमोर आलं तर नाक मुरडू नका. ज्याच्याकडे खरं आहे त्याच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घ्या, बस.

आता त्यांनी मला मधोमध दुमडलंय. घडीवरून नख फिरवतायत, हळू, नीट, म्हणजे फाटताना सरळ फाटावं.