पासाची मुदत

“थांब, थांब. मोटारी कमी झाल्या, मग माणसं गेली कुठं?” सोयाबीनच्या हिरव्या शेंगेतला दाणा तोंडात टाकत अंबरीषनं विचारलं.

प्रणितानं लॅपटॉप आणखी त्याच्याकडं वळवला. “ट्रॅममध्ये. मेट्रोत. हे बघ, व्हिएन्ना, पॅरिस, बर्लिन. मोटारींची रेघ खाली, सार्वजनिक वाहतुकीची वर.”

“आणि ही मधली हिरवी?”

“ती तुझ्या शेंगेची शीर आहे. उचल.”

युरोपातल्या मोठ्या शहरांत माणसं कशानं ये-जा करतात, याचा अभ्यास प्रणिता जपानात, टोकियोजवळच्या त्सुकुबात बसून करत होती. समुद्राचा अभ्यास सोलापुरात बसून करावा तसा, असं अंबरीषचं मत. जपानातल्या २०११च्या मोठ्या भूकंपानंतर वर्षभरानं दोघं इथं आले, त्याला आता पाच वर्षं झाली होती. आणि आता व्हिएन्नातल्या एका संस्थेचं तिला बोलावणं आलं होतं. तीन महिन्यांनी रुजू व्हायचं. उत्तर सोमवारपर्यंत, आज रविवार.

अंबरीषची टोकियोतली बँकेची नेमणूक अजून दोन वर्षं होती. पण नेमणुकीपेक्षा त्याचा जीव सकाळच्या गाडीत. ती त्सुकुबाहूनच सुटते, त्यामुळे बसायला जागा. तो तोंड उघडं टाकून झोपायचा आणि टोकियोतलं अकिहाबारा स्टेशन यायच्या आधी नेमका जागा व्हायचा. समोरच्या बाकावरचे एक आजोबा रोज त्याला वाकून नमस्कार करत, हाही करी. दोघांना एकमेकांचं नाव माहीत नव्हतं. एवढ्या सुखातल्या माणसाला उचलून न्यायचं कुठं? प्रणितानं शुक्रवारीच नकाराची मेल लिहिली होती. पाठवायची तेवढी राहिली होती.

“तू काय म्हणतोस?” तिनं आठव्यांदा विचारलं.

“मी काय म्हणणार? मी तुझ्या आलेखातली रेघ. खाली न्यायची की वर, ते तू बघ.”

“नीट सांग ना.”

“नीटच सांगतोय. चल, माझा पास संपलाय. स्टेशनवर जाऊन येऊ.”

यंत्रापुढं रांग होती. पाळी आल्यावर अंबरीषनं जुना पास आत सरकवला. पडद्यावर तीन चौकोन उमटले: एक महिना, तीन महिने, सहा महिने. दर खेपेला तो न वाचताच सहावर बोट ठेवायचा. सारखं सारखं रांगेत कोण उभं राहणार, म्हणायचा. आज त्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला, तिन्ही चौकोन शांतपणे वाचले आणि मधला दाबला.

“अरे, तीन दाबलेस.”

“हो का?”

“अंब्या, चुकलं. मागं जा.”

यंत्रानं अत्यंत अदबीनं विचारलं, तीनच महिने, नक्की ना? मागचे गृहस्थ आपल्याला अजिबात घाई नसल्याचं मन लावून दाखवत होते. प्रणितानं अंबरीषचा दंड घट्ट धरला.

“लोक खोळंबलेत गं,” तो म्हणाला आणि त्यानं ‘होय’ दाबलं.