दाढीवाला हंस

"तुला रंग आवरत नाही, हेच खरं," थोरली जाऊ चौकटीवर वाकून पुटपुटली. "ब्रश टेकवायचा असतो, ओतायचा नसतो. बघ, हंसाला दाढी फुटली!"

धाकटीनं ब्रश उचलून घेतला. चौकटीवर ताणलेल्या पांढऱ्या रेशमावर हंस ऐटीत पोहत होता आणि त्याच्या हनुवटीखालून निळा ओघळ खरंच खाली उतरला होता. स्कार्फचं काम दोघींचं. बारीक तोंडाच्या बाटलीतून थोरली चिकट गोंदाची रेघ ओढायची. ती वाळली की धाकटी रंग भरायची. रेशमावर रंग वाट फुटेल तिकडे पळतो, पण रेघ आडवी आली की शहाण्या मुलासारखा थांबतो. मात्र रेघ सलग हवी. केसाएवढी फट राहिली, की गेलाच पलीकडे.

अलीकडे फटी राहू लागल्या होत्या.

का, ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. थोरलीच्या हातातला कप बशीवर किणकिणू लागला की सगळे एकदम मोठमोठ्यानं बोलायला लागत. थोरलीचा नवरा एका स्क्रूड्रायव्हरच्या जोरावर स्वतःला इंजिनिअर समजायचा. त्यानं आधी टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा सरकवला. मग वाऱ्यानं रेशीम हलतं म्हणून पंखा बंद करवला आणि घरदार घामानं निथळलं. मग दोष खिडकीवर गेला, तिथून रेशमावर. "हल्लीचे किडेच आळशी," सासूबाईंनी निकाल दिला. "पूर्वीचे कसा घट्ट धागा काढायचे!" किडे बिचारे काय बोलणार?

धाकटीनं आपल्यापुरता उपाय शोधला होता. ओघळ ओला असतानाच त्यावर जाडं मीठ टाकायचं. मीठ रंग ओढून घेतं आणि डागाच्या जागी चांदणी उमटते. स्कार्फ विकायला नेणाऱ्या दुकानवाल्या बाईला पहिली चांदणी फारच आवडली. पुढे ओघळ वाढले तशा चांदण्याही वाढल्या, आणि घरात भाजी अळणी नि हंस खारट अशी गत झाली.

"तुझ्यापायी माझ्या हंसांना गोवर आलाय," थोरली म्हणायची.

"चुकलंच माझं, ताई."

एवढं म्हणायला काय जातं? जायचं, थोडं जायचंच. पण दुसरं बोलणार काय? धाकटी या घरात आली तेव्हा तिला धड चौकोन काढता येत नव्हता. थोरलीनं तिचा हात धरून ब्रश शिकवला. बाटलीला मात्र कधी बोट लावू दिलं नाही. रेघ थोरलीची, म्हणजे थोरलीचीच. ती रेघच हातची गेली, तर या बाईनं सकाळी उठायचं तरी कशासाठी?

हंसाला दाढी फुटली त्याच दुपारी दुकानवाली धापा टाकत जिना चढून आली.

"गाण्याच्या क्लासच्या बायकांना स्टेजवर घालायला स्कार्फ हवेत. सगळे एकसारखे हं! चांदण्या नकोत, लांबून डाग वाटतात. नुसता स्वच्छ हंस. एक काढून दाखवता का आत्ता?"

खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी काम आठवलं. सासूबाई चष्मा पुसू लागल्या.

"आत्ता नको," थोरलीचा नवरा म्हणाला. "टेबल जरा..."

"टेबलाला काय झालंय?"

"दुपारचं लाकूड फुगतं हो."

थोरली पुढे झाली. तिनं नवं रेशीम ताणलं, टाचण्या लावल्या, बाटली उचलली. चोच झाली. डोकं झालं. मानेच्या वळणावर बाटलीचं टोक लटपटायला लागलं. रेघ तुटली, सावरली, पुन्हा तुटली.

"अय्या, माझा धक्का लागला!" धाकटी ओरडली.

सगळ्यांनी वळून पाहिलं. धाकटी खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, मोरीपाशी, ओले ब्रश घेऊन उभी होती.

"तिकडून?" दुकानवालीनं विचारलं.

"हात लांब आहेत तिचे," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या.

"आमच्या घराण्यातच आहे ते," थोरलीच्या नवऱ्यानं पुस्ती जोडली, जणू धाकटी त्याची पाठची बहीणच.

थोरलीला हसू फुटलं. आधी ओठांतल्या ओठांत, मग खांदे गदगदून. हसता हसता तिनं मनगटानं डोळे टिपले, बाटलीचं तोंड फडक्यानं निगुतीनं पुसलं आणि उठून बाटली धाकटीच्या ओल्या मुठीत दिली.

"मान काढताना श्वास सोडत जायचा. रोखायचा नाही."

"नाही हो ताई, मला नाही जमायचं. तुम्हीच काढा."

"धर गं बाई," थोरली म्हणाली. "माझा हात थरथरतो."