भिंतीवरचे आबासाहेब

माझा नवरा गेली चार वर्षं सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसात वाजता मेलेला असतो.

त्याचं नाव नंदकिशोर परुळेकर. नावावरून तुम्हाला कळणार नाही, पण तोंड पाहिलंत तर म्हणाल, अरे, हे तर त्या मालिकेतले आबासाहेब. दिवाणखान्यात जिन्याशेजारी मोठी फ्रेम, तिला चंदनाचा हार. घरात काहीही झालं, सून रुसली, धाकट्याने दारू प्यायली, की माई त्या फ्रेमसमोर उभ्या राहतात आणि "अहो, आता तुम्हीच सांगा" म्हणत डोळ्यांना पदर लावतात. ते 'अहो' म्हणजे माझा नंदू. चार वर्षांत त्याला एक वाक्य मिळालेलं नाही.

फोटोसाठी बोलावलं तेव्हा 'फ्लॅशबॅक येणार आहे' असं सांगितलं होतं. नंदूने वीस वर्षं नाटकात घालवली होती. स्पर्धेची नाटकं, दोन व्यावसायिक, एका गादीच्या जाहिरातीत सासरा. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी वॉचमनकी केली, पण पोराला नाटक सोड असं कधी म्हणाले नाहीत. त्यामुळे नंदूला थांबायचं कुठे हे कळलंच नाही, आणि मीही कधी सांगितलं नाही.

फोटोच्या दिवशी माझ्या शाळेला सुट्टी होती म्हणून मी सोबत गेले होते. तिथेच प्रिंट काढून फ्रेममध्ये घातला आणि हार चढवला. या लाइनीत एक रीत आहे. जिवंत नटाच्या फोटोला हार घातला किंवा त्याला तिरडीवर झोपवलं, की अपशकुन टळावा म्हणून काम संपल्यावर त्याने कॅमेऱ्याकडे बघून एकदा हसायचं. तो शॉट कुठेही वापरत नाहीत, पण घेतात. फोटोग्राफर म्हणाला, "दादा, आता एक हसरा." नंदू म्हणाला, "गरज नाही रे. आबासाहेब हसणाऱ्यातले नाहीत." भूमिकेत शिरण्याचा त्याला भारी अभिमान. एका फोटोसाठी त्याने वहीत चार पानं आबासाहेबांचा स्वभाव लिहून काढला होता. मी मुलुंडच्या शाळेत विज्ञान शिकवते, असल्या गोष्टींचं मला हसू येतं. शिवाय मला भूक लागली होती. मीच 'चल लवकर' म्हणत उठले.

मालिका चालली आणि नंदूची वाट लागली. दुसऱ्या कुठल्याही मालिकेत त्याला घेईनात. एका कास्टिंगवालीने तर सरळ सांगितलं, "सर, काम तुमचं झकासच आहे, पण तुम्ही ऑलरेडी गेलेले आहात ना. लोक कन्फ्यूज होतात." मार्केटात भाजीवाली माझ्या मंगळसूत्राकडे बघायची आणि कोथिंबिरीची जुडी फुकट द्यायची. मी घरी येऊन नंदूला हे रंगवून सांगायचे आणि आम्ही हसायचो. पहिलं वर्ष असं हसण्यात गेलं.

मग बासुंदीची गोष्ट झाली. रविवार होता. मी दुपारी पान वाढलं तर नंदू म्हणाला, "नको गं, पोट भरलंय." सकाळपासून तो घराबाहेर पडला नव्हता. म्हटलं, कशाने भरलं? तर म्हणे, माहीत नाही. त्याच्या तोंडाला वेलदोड्याचा वास येत होता. गुरुवारी मालिकेत आबासाहेबांचं वर्षश्राद्ध दाखवलं. माईंनी फोटोसमोर ताट ठेवलं, वाटीत बासुंदी होती. शूटिंग कधी झालं होतं, हे मी मालिकेच्या ऑफिसात फोन करून विचारलं. रविवारी दुपारी.

योगायोग, मी म्हटलं. मुलांना मी हेच शिकवते, एका निरीक्षणावरून नियम काढायचा नाही. म्हणून मी नोंदी ठेवू लागले. नंदू पेपर वाचता वाचता मध्येच बोलायचा. "दागिने देऊ नकोस त्याला." किंवा, "मुलीला शिकू दे, लग्नाची घाई कशाला?" मी कॅलेंडरच्या मागे तारीख आणि वाक्य लिहायचे. तीन-चार दिवसांनी पडद्यावर माई फोटोला त्याच गोष्टीबद्दल विचारायच्या, घटकाभर फोटोकडे बघत उभ्या राहायच्या, आणि नंदू बोलला होता तेच करायच्या. अकरा नोंदी झाल्या. अकराच्या अकरा जुळल्या. त्यानंतर मी लिहिणं बंद केलं, कारण मला भीती वाटायला लागली होती.

त्याला विचारलं तर म्हणाला, "कोणीतरी विचारलं, म्हणून बोललो."

आणखी एक. माझे केस या चार वर्षांत निम्मे पांढरे झाले. नंदू चोपन्नचा आहे, त्याचा एक केस पिकला नाही. मी चिडवायचे, चोरून कलप लावतोस का रे? पण कपाळावरच्या आठ्याही गेल्या होत्या, आणि दाढी आठवड्यातून एकदा केली तरी पुरत होती. रात्री त्याच्या मानेला चंदनाचा वास यायचा. मी कूस बदलून झोपायचे.

एकदा मी तावातावाने म्हटलं, तो फोटो काढून घ्यायला सांग, उद्याच्या उद्या. नंदू कधी आवाज चढवत नाही, पण संतापला की मालवणीवर येतो. "थंय रोज माका कोणतरी इचारता गो," तो म्हणाला. "हंय कोण इचारता?" खरंच, इथे त्याला कोण विचारत होतं? बावीस वर्षं आमच्या घरात बोलायचे ते मी, माझी शाळा, माझी मुख्याध्यापिका, माझी पाठदुखी. त्याला मी शेवटचं काय विचारलं होतं, ते मला आठवेना.

या जानेवारीत दिग्दर्शकाचा फोन आला. चैतन्य म्हणून आहे, पस्तिशीचा, चांगला मुलगा. मालिकेचा टीआरपी घसरला होता आणि चॅनलचं ठरलं होतं की आबासाहेब मेलेच नव्हते. ते परत येणार. रोजचं काम, माईंबरोबर सीन, पानपानभर संवाद. बुधवारी सकाळी कांदिवलीच्या शूटिंगच्या बंगल्यावर लूक टेस्ट, चॅनलची माणसं व्हिडिओ कॉलवर बघणार, ती हो म्हणाली की झालं. नंदूने फोन ठेवून मला हे सगळं सांगितलं. मी देवापुढे साखर ठेवली. रोल मिळावा असं मला वाटत होतंच, पण त्याहून जास्त हे वाटत होतं की एकदा हा जिवंत म्हणून त्या घरात शिरला, की ती फ्रेम उतरवतील आणि माझा नवरा मला परत मिळेल.

बुधवारी मी रजा टाकली. बंगल्यात पाय ठेवला तर चंदनाच्या उदबत्तीचा वास. टीव्हीवर तो वास येत नाही, पण मला तो ओळखीचा होता. नंदूला फोटोतलाच बंद गळ्याचा कोट घातला होता. मेकअपवाला म्हणाला, "यांना काही करायलाच नको." चैतन्यने त्याला फ्रेमखाली उभं केलं आणि मोबाइलवर फोटो घेतला. बघितला. परत घेतला.

"दादा, मान जरा डावीकडे. हं. नाही यार, काहीतरी जमत नाहीये."

तेवढ्यात माईंचं काम करणारी शर्मिष्ठा आली. जवळून पाहिली तर माझ्याहून लहान. तिने नंदूला परक्या माणसाला करतात तसा नमस्कार केला आणि चैतन्यकडे वळली. "आबासाहेब कुठेयत?"

"हे काय, समोर."

ती नंदूकडे बघत राहिली. मग हळू म्हणाली, "नाही रे. मी चार वर्षं रोज त्यांच्याशी बोलते. हे नाहीत ते."

"खंडू, फोटो बदलला का रे कोणी?" चैतन्यने वर फ्रेमकडे बघत विचारलं. सेट सांभाळणारा खंडू म्हणाला, "पहिल्या दिवसापासून तोच आहे साहेब. मीच पुसतो."

मोबाइलच्या पडद्यावर चॅनलची तीन माणसं ताटकळली होती. चैतन्य उसनं हसत माझ्याकडे वळला. "ताई, आता तुम्हीच सांगा या लोकांना. नवरा तुमचा. हेच ना ते?"

नुसती मान हलवायची होती. मी नंदूकडे पाहिलं. काळेभोर केस, गुळगुळीत कपाळ, ताठ खांदे. माझ्याकडे बघत होता, पण कोणाकडेही तो असाच बघत राहिला असता. मग मी वर पाहिलं.

फ्रेममधल्या माणसाच्या कानशिलावर टीव्हीवर कधी न दिसलेले पांढरे केस होते. डोळ्यांखाली जाग्रणाच्या पिशव्या. खालचा ओठ त्याने दातांत धरला होता. मी शाळेतून येऊन तासभर कटकट करायचे तेव्हा नंदू असाच ओठ धरून ऐकायचा, मध्ये एक अक्षर न बोलता. तो चेहरा मी चार वर्षांत घरात पाहिला नव्हता, आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तो थकला होता. माझा नंदू थकला होता, म्हातारा होत होता, आणि रोज दुसऱ्याच बाईची गाऱ्हाणी ऐकत होता. मला रडू कोसळलं. रोल, चॅनल, कशाचंही भान राहिलं नाही. मी हात उचलून बोट दाखवलं ते भिंतीकडे.

कोणी हसलं नाही. चैतन्यने मोबाइल खाली घेतला. मी भानावर आले, तसं नाही, अरे हाच, असं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण नंदूने हातानेच मला थांबवलं. कोटाची बटणं एकेक करून सोडत तो चैतन्यला अगदी शांतपणे म्हणाला, "तिचं चुकणार नाही. बावीस वर्षं संसार केलाय तिने त्याच्याबरोबर."