गाठीखालचे हिरवे फुटवे

मित्रांनो, मी एक जुना लाल गुलाब आहे. खरे सांगायचे तर मी वरूनच लाल गुलाब. मुळांनी मी रानटी आहे.

होटगी स्टेशनच्या बागेत गुरुलिंग नावाचे माळी होते. १९७०च्या थंडीत त्यांनी रानगुलाबाच्या खोडाला चीर दिली, तीत माझा एवढासा डोळा, म्हणजे कोंब फुटतो तो सालीचा तुकडा, बसवला आणि केळीच्या सोपटाने बांधून टाकला. परक्या मुळांनी मला पाणी का द्यावे, याचे मला नवल वाटे. पण त्यांनी दिले. निवृत्त झाल्यावर गुरुलिंगांनी मला सोलापूरला आणून घराच्या मोरीच्या कडेला लावले.

माझे फूल नाकाशी धरले की माणसे डोळे मिटत. मला स्वतःचा वास कधी आला नाही. त्या क्षणी त्यांना काय होत असेल, हे जाणून घ्यावेसे फार वाटे.

पुढे काचबिंदूने गुरुलिंगांची दृष्टी गेली. त्यांची सून हेमावती उमललेले फूल त्यांच्या हातात नेऊन देऊ लागली.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. हेमावती तांदूळ धुतलेले पाणी मला घाली, तरी माझ्या फांद्या एकेक करून वाळल्या. बोटभर काडी तेवढी उरली.

पुढच्या पावसात मात्र बुडातून जाडजूड फुटवे आले. हेमावती हरखली. शेजारची शिवबाईही म्हणाली, झाड वाचले. त्या फुटव्यांना झुपक्याने फिकट फुले लागली. हेमावतीने एक नेऊन दिले. गुरुलिंगांनी ते बराच वेळ हुंगले आणि "मला झाडापाशी ने," असे हेमावतीला म्हणाले. त्यांची बोटे खोडावरून खाली सरकत डोळा बांधल्याच्या गाठीशी थांबली.

"हेमा, हे समदे गाठीच्या खालनं आलेत. ह्यो आपला गुलाब न्हाय, रानातला हाय. बुडापासनं काढ."

"मामा, एवढंच हिरवं राहिलंय की. हे काढलं आन् वरची काडी जगली न्हाई तर?"

"मग न्हाई जगली. पर ह्येंच्यामुळं तिला पाणीच पोचंना."

मीही घाबरलो होतो. त्याच मुळांनी दुष्काळात मला तगवले होते. आता त्यांना स्वतः वाढावेसे वाटले, यात त्यांची चूक तरी काय?

हेमावतीने कोयता आणला. अंगण उघडे पडले. शिवबाई चार दिवस हळहळत होती. सोळा दिवस काहीच घडले नाही. सतराव्या दिवशी त्या काडीला तांबूस कोंब फुटला.

दिवाळीच्या आसपास एकच फूल उमलले. हेमावतीने ते सासऱ्यांच्या हातात ठेवले. त्यांनी पाकळ्या चाचपल्या आणि फूल तिच्याकडे परत केले.

"आधी तू वास घे," ते म्हणाले.

तिने डोळे मिटले.

मित्रांनो, झाड हिरवे दिसते म्हणून निर्धास्त राहू नका. कधीतरी खाली वाका, गाठीशी बोट लावा आणि पाहा, वाढते आहे ते कोण आणि वाळते आहे ते कोण.