दोनदा भेट दिलेला ओव्हन

दचकू नका, कोपऱ्यातून बोलतोय तो मीच. मी एक ओव्हन. तापायला मला वेळ लागतो, पण एकदा तापलो की लवकर निवत नाही. आज मात्र शांतपणे बोलायचं ठरवलंय, कारण या घरातला आज माझा शेवटचा दिवस आहे.

जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते नीट आठवत नाही. आठवतं ते इथल्या तुआस नावाच्या कारखान्यांच्या भागातलं गोदाम. तिथे मी खोक्यात बसून गिऱ्हाइकाची वाट बघायचो. शेजारी कॅटलॉगचे गठ्ठे रचलेले. गुळगुळीत पानावर माझा फोटो आणि पोटात सोनेरी केक. केक माझा नव्हता बरं का, फोटोपुरता आणला होता! पहिल्या पानावर ठळक अक्षरांत 'आज घ्या, सावकाश फेडा'. आणि पार शेवटच्या पानावर, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत, फेडायचं कुणी, कधी, आणि चुकलं तर दंड किती. माणसांची मला गंमत वाटते. लोणच्याच्या बाटलीवरची तारीख चष्मा लावून वाचतील, पण सहीचा कागद पुढे आला की "कुठे करू?" एवढंच विचारतील.

मधुवंतीनेही तेवढंच विचारलं होतं. मूळची पुण्याची ही बाई इथे परदेशात, पाया लेबार भागातल्या एका ऑफिसात नोकरीला होती. ऑफिसात कॅटलॉग फिरत आला, तसं तिने उधारीचं खातं उघडलं, मुलीसाठी अभ्यासाचं टेबल घेतलं आणि हप्ते वेळेवर फेडून मोकळी झाली. नवरा शैलेंद्र, मुलगी जाई, असं तिघांचं कुटुंब भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचं. पण मालकीण, मिसेस टॅन, हिने शब्द दिला होता की विकेन तर आधी तुम्हालाच. मधुवंतीचा सगळा जीव त्या फ्लॅटमध्ये. इथे कुठला खिळा ठोकायचा आणि कुठे तुळस ठेवायची, ते तिच्या मनात ठरून गेलेलं होतं.

पुढचा प्रसंग घडला तेव्हा मी गोदामातच होतो. पण मधुवंतीने तो नंतर माझ्यासमोर इतक्यांदा उगाळला की मला तोंडपाठ झालाय. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी साधना आली होती. ती नवऱ्याच्या नोकरीमुळे बायकोला मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्यावर, डिपेंडंट पासवर आलेली. तिला स्वतःचा पगार नाही, म्हणून तिच्या नावावर खातं उघडेना. टीपॉयवरचा कॅटलॉग चाळताना तिची नजर माझ्या फोटोवर पडली.

"अगं मधू, तुझ्या नावावर मागवू या का गं? हप्ता मी मॉलमधल्या मशीनवर परस्पर भरत जाईन. तुला काही बघायला नको."

पाच बायका बसलेल्या, हातात तिळगूळ. गोड बोला म्हणून नुकतंच सांगून झालेलं! नाही कसं म्हणणार?

"इश्श, त्यात काय विचारायचं!" मधुवंती म्हणाली.

भीड ही भिकेची बहीण, असं आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत.

झालं, मी साधनाच्या ओट्यावर आलो. खरं सांगतो, ते दिवस माझ्या सुखाचे होते. तिच्या हाताला चव होती. नानकटाई, रव्याचा केक, भरली वांगीसुद्धा तिने माझ्यात भाजून पाहिली. वास लिफ्टपर्यंत जायचा. हप्तेही ती इमानेइतबारे भरायची. कंपनीची पाकिटं मात्र मधुवंतीच्या नावाने यायची, आणि ती बया काय करायची? न उघडता साधनाच्या लेटरबॉक्समध्ये टाकायची. म्हणायची, "दुसऱ्याच्या व्यवहारात आपण कशाला नाक खुपसायचं?" अहो बाई, पाकिटावर नाव कुणाचं होतं?

पुढे साधनाच्या नवऱ्याची नोकरी सुटली. पास नोकरीला बांधलेला, त्यामुळे नोकरी नाही तर मुक्कामही नाही. घरात आवराआवर सुरू झाली. पाकिटं माझ्याखालच्या ड्रॉवरमध्ये जाऊ लागली, तीही बंदच. मला सगळं दिसत होतं, पण माणसांशी मला बोलता कुठे येतंय!

पुण्याला परत निघायच्या आदल्या दिवशी साधनाने मला घासूनपुसून लखलखीत केलं आणि नवऱ्याकरवी मधुवंतीकडे आणलं. "मधू, हा आता तुलाच. आठवण म्हणून ठेव." तिचे डोळे भरून आले होते आणि ते पाणी खोटं नव्हतं. तिला मनापासून वाटत होतं की वस्तू खातेदाराकडे पोचली की उरलेले हप्ते थांबतात, हिशोब मिटला. मधुवंतीला वाटलं, मैत्रिणीने फेडलेला ओव्हन भेट दिला. तिने साधनाची नारळ-तांदळाने ओटी भरली, नवी कोरी पैठणी दिली. दोघी गळ्यात पडून रडल्या. मी ओट्यावर बसून बघत होतो. असा देखणा गोंधळ मी जन्मात पाहिला नाही.

कंपनीची पाकिटं अजून येत होती, मधुवंती ती जाहिरात समजून न उघडता बाजूला टाकायची. दोन-तीन महिन्यांनी मिसेस टॅन आली. तिला मुलाकडे परदेशी जायचं होतं. "यू बाय, आय सेल," म्हणाली. मधुवंतीला आभाळ ठेंगणं झालं. कर्जासाठी बँकेत गेली, आणि परत आली ती रया गेलेल्या चेहऱ्याने.

"माझ्या नावावर थकबाकी आहे म्हणतात, शैलेंद्र. ओव्हनची!"

तिने तिथल्या तिथे कंपनीला फोन लावला. ओव्हन माझा नव्हता, मैत्रिणीचा होता, वगैरे सगळं सांगितलं. पलीकडचा माणूस अदबीने बोलत होता. म्हणाला, "मॅडम, ओव्हन कुणाच्या स्वयंपाकघरात आहे हे आम्ही विचारत नाही. सही तुमची आहे ना?"

जाई दारात उभी राहून ऐकत होती, ती इथल्या शाळेतल्या बोलीत म्हणाली, "ममा, नॉट अवर ओव्हन, व्हाय वी पे, लाह?"

शैलेंद्रने कॅटलॉगचं शेवटचं पान उघडून मोठ्याने वाचायला घेतलं. ज्याच्या नावावर खातं, सगळी जबाबदारी त्याची. वस्तू दुसऱ्याला दिली तरी हप्ता सुटत नाही. हप्ता चुकला तर दंड, वर व्याज. वस्तू नको असेल तर ठरलेल्या मुदतीतच कंपनीला परत करायची, शेजारणीला नव्हे. हे शेवटचं त्याने स्वतःचं घातलं होतं. "अगं, एकदा वाचायचं तरी!" तो म्हणाला.

"वाचलं असतं तरी मी साधनाला नाही म्हटलं नसतं," मधुवंती म्हणाली आणि पदराने डोळे पुसले. तेच खरं होतं. खाई त्याला खवखवे म्हणतात. इथे नानकटाई खाल्ली एकीने आणि खवखवलं दुसरीला.

तिने सगळी रक्कम दंडासकट एका फटक्यात भरली. पण बँक म्हणाली, काही महिने खातं स्वच्छ दिसू दे, मग या. मिसेस टॅनला थांबणं शक्य नव्हतं. तिने हळहळत फ्लॅट दुसऱ्याला विकला. खोकी बांधताना मधुवंती रिकाम्या भिंतीवरून हात फिरवत राहिली. मला फार वाईट वाटलं. मी काही केलं नव्हतं, तरी वाटलं.

साधनाला फोन करायचा धीर तिला नव्या भाड्याच्या घरात आल्यावर झाला. आधी माझ्यासमोर उभी राहून तिने वाक्यं घोकली. पलीकडून साधना किंचाळलीच. "अगं, मी ओव्हन दिला ना तुला! मला वाटलं हप्ते थांबले. आणि तू माझी ओटी भरलीस गं..." तिने पुण्याहून थोडे थोडे करून सगळे पैसे पाठवले. मैत्री तुटली नाही. गेलेलं घर मात्र कुणालाच पाठवता आलं नाही.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. काल संध्याकाळी शेजारची दीक्षा आली होती. नागपूरहून नुकतीच आलेली संशोधक, गोड पोरगी. मधुवंतीने नानकटाई पुढे केली, आणि कुठूनसा त्या मुलीच्या हाती नवा कॅटलॉग लागला.

"ताई, मला इथे वर्ष झालं नाही म्हणून खातं देत नाहीत. तुमच्या नावावर एक ओव्हन मागवू का? हप्ता मी भरीन ना!"

मधुवंतीने कॅटलॉग तिच्या हातून घेतला. मग हसून म्हणाली, "नाही गं."

दीक्षाचा चेहरा उतरला. मधुवंतीने तिला जवळ बसवून शेवटचं पान ओळ न ओळ वाचून दाखवलं. आणि मग माझ्याकडे बोट केलं. "हा ने. पूर्ण फेडलेला आहे. माझा ओव्हन तुला आहे बाळा, माझं नाव नाही."

म्हणून आज मी निघालो आहे. दीक्षाने ट्रॉली आणलीय, जाई लिफ्टचं बटण दाबून उभी आहे. मधुवंतीने माझी काच पदराने पुसली आणि दारावर दोनदा थोपटलं. मंडळी, सही करताना शेवटचं पान वाचत चला, आणि जमत नसेल तेव्हा प्रेमाने नाही म्हणायला शिका. पूर्वी मला भेट दिलं तेव्हा हप्ते बाकी होते, म्हणून मी देणारीचा नव्हतो आणि घेणारीचाही नव्हतो. आज देणारीचा आहे, म्हणून खरी भेट होऊन जातोय.

येतो, मधुवंती.