धोट्याचे गाव

मी एक जुना लाकडी धोटा आहे. मागावरच्या उभ्या धाग्यांतून आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणे, हे माझे काम. मित्रांनो, माझा जन्म विलायतेतला. आगबोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने मी सोलापूरच्या गिरणीत आलो. इथल्या उन्हात आपण तडकणार, अशी पहिल्या वर्षी मला फार धास्ती होती.

मला हाती धरले मल्लेशमने. तोही निजामाच्या मुलखातून नुकताच आलेला. मराठीचा गंध नव्हता. पण तुटलेला धागा डोळे मिटून जोडायचा. पहिल्या दिवशी सुताच्या कांड्या भरणाऱ्या शिवबाईने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या धरला आणि तो रुळला. दहा वर्षे आम्ही धोतरे विणली. साहेब कापडावरून हात फिरवून वाहवा करायचे आणि मी आपला उगाच फुगायचो.

एकतीस साली मंदी आली. कापड पडून राहू लागले. एके सकाळी मुकादम रुद्रप्पाने मागावरून मलाच उचलले आणि माझ्या टोकाने दिशा दाखवत तो ओरडला, "वरनं हुकूम हाय! बाहेरगावच्यांना काढायचं. सोलापूरचे उजवीकडं, बाहेरचे डावीकडं व्हा."

मल्लेशमचा चेहरा उतरला. "मुकादम, घर मोडून आलो. परवाच बायकोला आणलं. आता कुठं जाऊ?"

तो डावीकडे गेला. त्याचे गाववाले गेले. दुष्काळात मेंढरे विकून सांगोल्याहून आलेला बिरप्पा गेला. मग अक्कलकोटचे, कुर्डुवाडीचे. उजवीकडे उरली एकटी शिवबाई.

"मी काय एकटीनं गिरणी चालवू व्हय?" ती कडाडली. "आन् मुकादम, तुमी कुटलं हो?"

रुद्रप्पा विजापूरकडचा. तो ओशाळला आणि मला हातात घेऊन मुकाट्याने डावीकडे जाऊन उभा राहिला. मला हसूच फुटले. मीही डावीकडचाच की!

तिथून तो थेट कचेरीत गेला. "कुणालाच काढू नका साहेब, आमी काम वाटून घेतो," म्हणाला. साहेबांनी ऐकले. आठवड्यातून एकेक दिवस प्रत्येक जण घरी बसला. जिला हुकमाची भीतीच नव्हती, ती शिवबाईसुद्धा बसली. त्या वर्षी हात आखडावा लागला, पण गिरणीतून कुणी गेले नाही.

पुढे माझी टोके झिजली. मला भट्टीत टाकणार होते, तेव्हा मल्लेशमने मागून घेतले. आता मी त्याच्या घरात फळीवर असतो. त्याची मुलगी रोज माझ्यावरची धूळ पुसते आणि शिवबाईशी चुरूचुरू मराठी बोलते.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या धोट्याला जपलेत तर आनंदच आहे. पण तुमच्या गावात उद्या कुणी नवा माणूस आला, तर त्याचे गाव विचारण्याआधी त्याला पाणी विचारा.