फिरवलेला बाण

मी बाण बोलतोय, आणि आज माझं डोकं फिरलेलं आहे. धनुष्याबिनुष्याशी माझा संबंध नाही. संगणकाच्या पडद्यावर वाक्यातल्या एका शब्दाकडून दुसऱ्याकडे जाणारी कमान म्हणजे मी. माझ्या पाठीवर 'कर्ता' अशी चिठ्ठी आहे. ज्या शब्दावर मी टेकतो, त्यानं ते काम केलं असं समजायचं.

दिवसभर अशा खुणा करणाऱ्या एका मुलीनं मला काढलं. वाक्य तिच्या आत्याचं, रेकॉर्ड करून आणलेलं. त्यांची बोली आता मोजक्याच घरांत उरली आहे. ती बोली यंत्राला शिकवायची आहे, म्हणून हा खटाटोप. वाक्यात शब्द तीनच: घर, आम्ही, सोडणं. त्या बोलीत करणारा आधी येतो. म्हणजे घरानं आम्हाला सोडलं. पूर आला तेव्हा आत्या चौकटीला धरून बसली होती, पाण्यानं घरच नेलं. तरी गावानं तिला घर टाकून पळाली म्हणून नावं ठेवली.

मुलीनं मला 'घर'वर टेकवलं. शेजारच्या टेबलावरच्या गृहस्थाला त्या बोलीचा गंध नाही. त्यानं त्याच वाक्यात माझा भाऊ 'आम्ही'वर टेकवला. इथली रीत अशी, की एकाच वाक्यावर दोघांनी वेगवेगळ्या खुणा करायच्या आणि त्या जुळल्याच पाहिजेत. जुळल्या नाहीत की साहेब येतात.

"अगं, घर कधी सोडून जातं का? माणसं सोडतात घर."

"सर, आमच्यात असंच म्हणतात."

"म्हणत असतील. जुळणीची टक्केवारी किती खाली आलीये बघ! आजच फाइल पाठवायचीय. फिरव तो बाण."

जिला बोली येते तीच चुकली! आणि याला हे लोक एकमत म्हणतात. संतापानं लाल व्हावं म्हटलं, तर माझा रंगही हेच ठरवणार.

तिनं मला टोकाला धरून उचललं. वाटलं, नाही फिरवणार. फिरवलं. हिरवी खूण उमटली आणि साहेब खुशीत निघून गेले.

तेवढ्यात आत्याचा फोन आला.

"काय गं, माझं बोलणं नीट उतरवलंस ना? मी पळाले नव्हते, ते आलंय ना त्यात?"

"हो आत्या, आलंय."

खोटारडी! ओरडलो असतो, पण मला टोक आहे, तोंड नाही. उद्या यंत्र बोलायला लागेल आणि आत्याच्याच बोलीत सांगेल, की ती घर सोडून गेली.

अगं, फाइल अजून गेलेली नाही. तुझा हात अजून माउसवरच आहे. फिरव मला.